कोरोनात सरकारनं फक्त बिल्डर पोसले?

‘कोरोनात सरकारनं बिल्डर पोसले. त्यांची कर्जं माफ केली, स्टॅम्प ड्युटी माफ केली, ताब्याच्या मुदती वाढवून दिल्या. कामगार मात्र उपाशीपोटी गावाला गेला. घरं वर्षभर थांबली असती तर काय बिघडलं असतं? पुढची साथ आली तर या धंद्याला छदामही देऊ नका.’

कोल्हापुरातल्या कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्यामागचा राग मला समजतो. डोक्यावर बोचकी घेऊन निघालेली माणसं सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण मी साइटवर काम करणारा इंजिनिअर आहे, आणि या मजकुरातली बरीच विधानं चुकीची आहेत. त्यांवर विसंबून पुढच्या वेळी धोरण ठरलं, तर पहिला मार गवंड्याला आणि स्लॅबचा साचा उभारणाऱ्या सेंट्रिंगवाल्यालाच बसेल.

आधी कर्जमाफीचं बघू. अशी माफी झालीच नाही. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आणि ती घराच्या, गाडीच्या कर्जालाही होती. व्याज चालूच राहिलं. मे २०२० मध्ये केंद्राची हमी योजना आली. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत विनातारण जादा कर्ज. पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही, नंतर सगळं फेडायचं. हमी होती ती कर्ज बुडालं तर बँकेला.

खरा दोष दिसतो तो इथंच. आधीचं कर्ज असेल त्यालाच जादा कर्ज. आपल्याकडचा सेंट्रिंग ठेकेदार, प्लंबर, फरशीवाला यांचं बँकेत कर्जखातं असतं कुठं? त्यांचा धंदा दुकानदाराच्या उधारीवर, मालकाकडून घेतलेल्या उचलीवर, फार तर पतसंस्थेच्या कर्जावर चालतो. पतसंस्थेचा कर्जदार या योजनेत बसतच नव्हता. म्हणजे तक्रार करायचीच तर मदत खालपर्यंत पोचली नाही, ही करायला हवी.

स्टॅम्प ड्युटी हा तर खरेदीदाराचा खर्च. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्यानं ती तीन टक्क्यांनी उतरवली आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांनी. चाळीस लाखांच्या फ्लॅटमागे पहिल्या टप्प्यात एक लाख वीस हजार रुपये वाचले, ते घर घेणाऱ्या कुटुंबाचे. विक्री हलली हा बिल्डरचा फायदा झालाच, आणि त्याच विक्रीच्या पैशातून अडलेली कामं पुढं सरकली.

एक आक्षेप मात्र मला पटतो, आणि नेमका तोच या मजकुरात नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं बांधकामाच्या प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी बिल्डरनं भरायच्या रकमेत, वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. सवलत घेणाऱ्यानं ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची, ही अट चांगली होती. पण प्रीमियमचे मोठे आकडे मुंबईत. कोल्हापूरलगतच्या पाचगाव-कळंब्यात बारा-पंधरा फ्लॅटची इमारत उभी करणाऱ्याला त्यातून मिळून मिळणार किती?

ताब्याच्या मुदतीचं म्हणाल तर महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२० मध्ये दिलेली मुदतवाढ सहा महिन्यांची होती, १५ मार्च २०२० किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांसाठी. त्यानं ताबा लांबला आणि घरभाडं व हप्ता दोन्ही भरणाऱ्यांचे हाल झाले, हे खरं. पण ती दिली नसती आणि सगळ्यांनी एकदम पैसे परत मागितले असते, तर अर्धवट सांगाडा आणि रिकामं खातं याशिवाय कुणाच्या हाती काय लागलं असतं? शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर रेरा नोंदणी लागत नाही. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतल्या कितीतरी इमारती या मुदतवाढीत आल्याच नाहीत.

आता ‘वर्षभर थांबली असती तर’. ज्यानं बंद पडलेली साइट पाहिली नाही, तोच असं लिहू शकतो. स्लॅबच्या तयारीत काम थांबलं की साच्याच्या प्लेटा आणि टेकूचे जॅक तिथंच अडकतात, त्यांचं भाडं चालू राहतं. कॉलममधून वर काढून ठेवलेल्या सळ्या उघड्या असतात. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात त्यांवर पापुद्रे सुटतील असा गंज चढतो. तो वायर ब्रशनं घासून काढायचा, सळईचा व्यास उरलाय का ते मोजायचं, कमी भरली तर जोड द्यायचा. गोदामातलं सिमेंट तीन महिन्यांत ताकद गमावू लागतं, दमट हवेत पोत्यात गड्डे होतात, ते टाकूनच द्यावं लागतं. पायाचा खड्डा उघडा राहिला तर कडेची माती ढासळते आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीला तडा जातो. हा सगळा खर्च शेवटी घराच्या किमतीत येतो.

उरला कामगार. त्याला काहीच मिळालं नाही, हेही पूर्ण खरं नाही. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळानं २०२० मध्ये नोंदणी असलेल्यांच्या खात्यावर आधी दोन हजार, मग तीन हजार जमा केले. एप्रिल २०२१ मध्ये आणखी दीड हजार जाहीर झाले. रक्कम तुटपुंजी होती, त्यावर वाद नाही. पण हा पैसा येतो बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून. बांधकाम बंद म्हणजे तो झराही बंद.

ज्यांना काही मिळालं नाही, ते बहुतेक नोंदणी नसलेले किंवा नूतनीकरण राहून गेलेले. नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर जाणाऱ्या बिगाऱ्याला तो कोण देणार? ठेकेदार अंगाला लावून घेत नाही, मालक मुकादमाकडं बोट दाखवतो. माझा राग इथं आहे, आणि तो आमच्याच धंद्यातल्या माणसांवर आहे.

त्यामुळं ‘छदामही देऊ नका’ याला माझा साफ विरोध. द्या, पण अटी घाला. सवलत मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पानं साइटवरच्या सगळ्या कामगारांची चालू नोंदणी दाखवावी, ठेकेदारांची थकलेली बिलं आधी भागवावीत. हमीची कर्जं पतसंस्थांमार्फतही मिळावीत. आणि दाखल्यांचं काम साथ येण्याची वाट न बघता आत्ताच, चालू असलेल्या प्रत्येक साइटवर सुरू व्हावं.