हिडकलचे दरवाजे आणि धुपदाळचा बंधारा

संकेश्वरच्या बसस्थानकाजवळच्या कट्ट्यावर पावसाळ्यात विषय फिरून फिरून घटप्रभा नदीवर येतो. परवा तात्यांनी ठामपणे सांगितले, की इंग्रजांच्या काळात, १८९७ मध्ये, झालेला धुपदाळचा बंधारा अजून जागचा हललेला नाही. मग याच नदीवरच्या, १९७७ च्या हिडकल धरणाची एवढी चिंता कशाला?

आयुष्यभर पाटबंधाऱ्यांच्या कामावर राहिलेल्या आप्पांना हे पटले नाही. "तात्या, धुपदाळला पाणी साठवायचे नाही, कालव्यात वळवायचे आहे. पूर आला की तो बंधाऱ्याच्या माथ्यावरून उतरतो. हिडकलला ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट, पाणी अडवायचे आहे, भिंतीचा बराच भाग मातीचा आहे, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले तर तो टिकत नाही. म्हणून सगळी भिस्त जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याच्या दरवाज्यांवर." तुंगभद्रा धरणावर १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री भिंत शाबूत होती, १९ क्रमांकाच्या दरवाज्याची साखळी तुटली आणि भरलेल्या धरणातले पाणी सोडून द्यावे लागले. आप्पांच्या मते दरवाज्याच्या कडेचे रबर कडक होऊन चिळकांडी उडू लागली, की तीच पहिली सूचना समजावी. वंगण, तारदोर, गंजलेले कप्पे हे सारे त्यानंतर बघायचे नसते, त्याच दिवशी बघायचे असते.

बाळूची शेती कालव्यावर आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता: पूर येईल म्हणून ऑगस्टमध्ये धरण रिकामे ठेवले आणि पुढे पाऊसच झाला नाही, तर उन्हाळ्यात उसाला पाणी कुठून आणायचे? सिंचन आणि पूरनियंत्रण एकाच साठ्यावर मागितले, की ही ओढाताण होणारच.

मला मात्र वाटते, की आपल्याकडे खरी अडचण आणखी वेगळी आहे. हिरण्यकेशी हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते, म्हणजे आंबोली-आजऱ्याकडचे पाणी या धरणाला अडवता येतच नाही. २०१९ मध्ये गोकाक बुडाले, तेव्हा घटप्रभेबरोबर हिरण्यकेशी आणि मार्कंडेयही फुगल्या होत्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या आजऱ्यातल्या पावसाचा आकडा राज्याची हद्द ओलांडून कर्नाटकातल्या हिडकलच्या नियंत्रण कक्षात वेळेत पोहोचला पाहिजे आणि विसर्ग त्या हिशेबाने ठरला पाहिजे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, तसेच आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. दोन्ही तपासण्यांचे निष्कर्ष आणि तो आराखडा नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत कन्नड व मराठीत लावावा, असा अर्ज आम्ही करणार आहोत. मसुदा आप्पा लिहितील, आणि पहिली सही करायला तात्या तयार झाले आहेत.