साडेआठ तास म्हणे!

मुंबई ते लंडन विमानाला किती वेळ लागतो, हे नेटवर एकदा विचारून बघाच. क्षणात उत्तर येतं: अंतर ७,२०० किलोमीटर, वेळ साडेआठ तास. झालं! ७,२०० ला ९०० ने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा आणि छातीठोकपणे छापून मोकळं व्हायचं. एवढं गणित पाचवीतलं पोरगंही करेल की!

बरं, अंतर खरं आहे, पण नकाशावर. त्या सरळ रेषेत पाकिस्तान लागतं, इराण लागतं, काळा समुद्र ओलांडला की युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्येच बंद झालं आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना दार लावलं. मग घाला वळसा. त्यात वर वारा पश्चिमेकडून. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. पण या शहाण्यांकडे जातानाही साडेआठ, येतानाही साडेआठ. वारा नावाची गोष्ट यांच्या गावीच नाही!

मे महिन्यात ताईच्या बाळंतपणासाठी आईला पाठवलं. "किती तास रे?" तिने विचारलं आणि मी गाढवासारखा सांगून बसलो, साडेआठ. बाबांचं तिसरंच. तिकिटावर पहाटे सव्वापाचला सुटणार, साडेदहाला पोचणार, "म्हणजे पाचच तास की!" तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे आहे हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. खरे तास भरतात पावणेदहा.

आणि तेही मुंबईत राहणाऱ्याचे. आम्ही पुण्याचे! रात्री आठला घर सोडलं. शनिवार. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे ट्रक, गाडी हलेना. एक वाजता विमानतळ. तीन तास आधी हजर राहायचं, कशासाठी तर रांगेत उभं राहायला. आई विमानात बसली तरी विमान जागचं हलेना. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी वापरायची एकच. लंडनला पोचल्यावर वरच घिरट्या, खाली उतरल्यावर शिक्क्याची रांग, मग सामान. ताईच्या घरी पोचली तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. करा हिशोब. साडेबावीस तास!

माझा खरा संताप पुढे आहे. आईला साखर आहे. माझ्या साडेआठावर भरवसा ठेवून तिने गोळ्यांची डबी मोठ्या बॅगेत टाकली, ती गेली विमानाच्या पोटात. पर्समध्ये रुमालाच्या गाठीत दोनच गोळ्या. दुसरी तिने विमानात नाश्त्याला घेतली. दुपारच्या गोळीची वेळ झाली तेव्हा बाई सामानाच्या पट्ट्यापाशी उभी, बॅगेची वाट बघत, हातात एक दशमी, खाऊ की नको करत. फोनवर ताईने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता परतीचं तिकीट काढायचंय. काल आईचा फोन, "येताना वारा मागून असतो म्हणालास ना? मग किती तास धरू?"

मी म्हटलं, आई, तू सगळी डबीच पर्समध्ये ठेव.