स्त्रियांना स्वावलंबी करा, पण बेताने

समाजातील चार सुस्थित माणसांनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी आणि त्या निधीतून गरजू स्त्रियांना व त्यांच्या मुलांना स्वतःच्या पायावर उभे करावे, ही कल्पना अत्यंत स्तुत्य आहे. तिच्यात दोष एकच. ती सफल झाली तर माणसे खरोखरच उभी राहतात, आणि उभी राहिलेली माणसे पुढच्या वर्षी मदतवाटपाच्या रांगेत दिसतीलच याची शाश्वती नसते. ज्यांच्या मनात अशी संस्था काढण्याचे घाटते आहे, त्यांच्या हितासाठी पुढील सूचना देत आहे. त्या निष्ठेने पाळल्यास दान घडेल, नाव होईल आणि गरजूंची संख्याही घटणार नाही.

सर्वप्रथम निधीवरची पकड ढिली होऊ देऊ नये. 1914 साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिले सामुदायिक प्रतिष्ठान उभारले. दिवंगत देणगीदारांनी घालून ठेवलेल्या कालबाह्य अटींमध्ये पैसा वर्षानुवर्षे अडकून पडतो हे त्याने पाहिले होते. म्हणून अनेकांच्या देणग्या एकत्र कराव्यात आणि त्या त्या काळची गरज पाहून गावातल्याच लोकांच्या समितीने त्यांचा विनियोग ठरवावा, अशी व्यवस्था त्याने लावली. आपण या फंदात पडू नये. अटी घालण्यासाठी दिवंगत होण्याची वाट तरी कशाला पाहावी? देणगीपत्रातच ‘ही रक्कम केवळ शिवणयंत्रांसाठी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून टाकावे. शिवणयंत्रावर देणगीदाराचे नाव रंगवता येते. पाळणाघरातील सेविकेच्या पगारावर ते रंगवता येत नाही. समितीत एखादी स्त्री अवश्य असावी, मात्र ती अध्यक्षांच्या घरातलीच असल्यास गणपूर्तीची चिंता राहत नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्या स्त्रियांपैकी कोणी समितीवर येण्याचा आग्रह धरलाच, तर सभेची वेळ मुलांच्या जेवणाची ठेवावी. घटनेत दुरुस्ती न करता प्रश्न सुटतो.

वाटप व्यासपीठावरच करावे. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसावा, ही त्यातली वरून दुसरी पायरी. आणि सर्वांत वरची म्हणजे कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन समोरच्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये असे करणे. या विद्वानाच्या काळी छायाचित्रकार नव्हते, हे ध्यानात घेऊन त्याला क्षमा करावी. आपण खालच्या पायऱ्यांवरच उभे राहावे. तिथे प्रकाश चांगला येतो.

उद्योगाची निवड करताना बाजारात कशाला मागणी आहे याची चौकशी करू नये. एकाच वस्तीतील सगळ्या स्त्रियांना एकाच महिन्यात एकच कसब शिकवावे, म्हणजे प्रशिक्षण संपताच त्या परस्परांच्या स्पर्धक होतात, भाव पाडतात आणि सहा महिन्यांत पुढच्या प्रशिक्षणाला मोकळ्या होतात. कच्चा माल कुठून आणायचा, बिघडलेले यंत्र कोण दुरुस्त करणार, उधारी कशी वसूल करायची, हे विषय रटाळ असल्यामुळे अभ्यासक्रमात घेऊ नयेत. त्याऐवजी व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान ठेवावे. ज्या बाईने अपुऱ्या मजुरीत कित्येक वर्षे घर चालवले आहे, तिला काटकसरीचे महत्त्व पटवून देण्यासाठी बाहेरून वक्ता बोलावणे केव्हाही चांगले.

येथे एका धोकादायक उदाहरणाची माहिती असणे आवश्यक आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने 2002 साली अतिदरिद्री कुटुंबांसाठी, मुख्यतः त्यांतील स्त्रियांसाठी, एक कार्यक्रम सुरू केला. त्यात बाईला गाय किंवा शेळ्यांसारखे उत्पन्नाचे साधन द्यायचे, ते सांभाळायला शिकवायचे, त्यातून कमाई सुरू होईपर्यंत घरखर्चासाठी थोडी नियमित रक्कम द्यायची, बचतीची आणि औषधपाण्याची सोय लावायची आणि सुमारे दोन वर्षे कार्यकर्तीने वरचेवर घरी जाऊन विचारपूस करायची, असा सारा बारकाईचा मामला होता. पुढे इथियोपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत मिळून दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर या पद्धतीची काटेकोर चाचणी झाली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रम संपून वर्ष लोटल्यावरही बहुतेक ठिकाणी त्या कुटुंबांचे खाणेपिणे, मिळकत आणि बचत इतरांपेक्षा चांगली होती. म्हणजे मदत थांबली आणि तरीही माणसे कोसळली नाहीत! संस्थाचालकाला यापेक्षा अस्वस्थ करणारी बातमी ती कोणती?

परंतु निराश होण्याचे कारण नाही. याच चाचणीत होंडुरासमध्ये अनेक कुटुंबांना मिळालेल्या कोंबड्यांपैकी पुष्कळशा रोगाने दगावल्या आणि तिथला परिणाम फिका पडला. तेव्हा आपणही साधन निवडताना असेच नाजूक काहीतरी निवडावे, ते द्यावे आणि निघून यावे. घरखर्चाची तात्पुरती रक्कम तर मुळीच देऊ नये. ती नसली म्हणजे पहिल्याच अडीअडचणीत बाई ती शेळी विकून टाकते आणि ‘यांना दिलेले टिकत नाही’ हा आपला सिद्धान्त अनुभवाने सिद्ध होतो.

रोख रक्कम देण्याचा विचार मनातही आणू नये. गरिबाच्या हाती पैसा पडला की तो व्यसनात उडवतो, हे आपल्याला उपजतच ठाऊक असते. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी 2014 साली 19 अभ्यासांचा आढावा घेऊन असे दाखवून दिले की, अशी रोख मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा मिळत नाही. पण आपला अनुभव मोठा की त्यांचा आढावा? आपण वस्तूच द्याव्यात, त्याही आपल्याला आवडतील अशा.

आता कर्जाविषयी. दान दिले की लोक आळशी होतात असे ज्यांना वाटते, त्यांनी छोटी कर्जे द्यावीत. 1976 मध्ये बांगलादेशातील जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी हा प्रयोग आरंभला, 1983 मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि 2006 मध्ये दोघांना शांततेचे नोबेल मिळाले. यातले आपण नोबेलच तेवढे लक्षात ठेवावे. सहा देशांतील सूक्ष्म कर्जांच्या अभ्यासांतून 2015 साली असे दिसले की, या कर्जांनी काहींना हातभार लागतो, परंतु सरासरी कुटुंबाचे आयुष्य पालटत नाही. ही माहिती वार्षिक अहवालात घालण्याची गरज नाही. मुख्य सूचना हप्त्याची आहे. पहिला हप्ता पंधरवड्याच्या आतच मागावा. कोलकात्यातील एका प्रयोगात काही कर्जदार स्त्रियांना दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी परतफेड सुरू करण्याची मुभा दिली, तर त्यांनी धंद्यात अधिक पैसा गुंतवला आणि पुढे त्यांचा नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे खरे. आपण त्या थकबाकीकडेच बोट दाखवावे. धंदा उभा राहण्याआधी हप्ता वसूल केला की बाई त्याच कर्जातून तो फेडते. वसुली शंभर टक्के होते आणि धंदा मात्र निघत नाही.

कर्ज कोणाच्या नावे आणि पैसा कोणाच्या हातात, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे आहे. श्रीलंकेत छोट्या व्यावसायिकांना अनुदाने दिली, तेव्हा पुरुषांचा नफा वाढला, स्त्रियांचा सरासरीने वाढला नाही. स्त्रियांना व्यवहार जमत नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यावरून निघाला असता. परंतु काही अर्थतज्ज्ञांनी 2019 साली भारत, घाना आणि श्रीलंका येथील आकडे पुन्हा तपासले आणि घोटाळा केला. ज्या घरात बाईचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिचा नफा पुरुषाच्या तोडीचा निघाला. जिथे घरात दुसराही धंदा होता, तिथे तिच्या नावावर आलेला पैसा बहुधा नवऱ्याच्या धंद्यात गेला होता. आपण सही बाईची घ्यावी आणि धनादेश ‘घरच्या कर्त्या माणसाच्या’ हवाली करावा. कुटुंबसंस्था टिकवण्याचे पुण्यही त्यात आपोआप पदरात पडते.

या साऱ्या उपायांनंतरही एखादी बाई स्वावलंबी होण्याची शक्यता उरतेच. तिच्यावर अक्सीर इलाज एकच: तिच्या वेळेची दखल घेऊ नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात दररोज सुमारे 1,640 कोटी तास बिनपगारी सांभाळणुकीच्या कामात जातात आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक तास स्त्रियांचे असतात. स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणे, तान्ह्यांना सांभाळणे आणि म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे, हे सगळे त्यात आले. हे तास जर कोणी थोडेसे उचलले, म्हणजे प्रशिक्षणाच्या जागेशेजारी पाळणाघर काढले, शाळा सुटल्यावर मुलांना बसायला एखादी खोली दिली, आजारी माणसाजवळ बसायला कोणाला तरी मोल देऊन नेमले, तर त्या बाईला कमाईसाठी सलग चार तास मिळतील, आणि सलग चार तास मिळालेली बाई काय करील याचा नेम नाही. म्हणून पाळणाघराचा ठराव आला की तो पुढील सभेपर्यंत तहकूब करावा. प्रशिक्षणाचे वर्ग शाळा सुटण्याच्या वेळेला ठेवावेत, तान्हे मूल घेऊन आलेल्या बाईला वर्गाची शिस्त समजावून सांगावी, आणि पटावरची नावे गळू लागली की ‘आम्ही करायला तयार आहोत, यांनाच गरज नाही’ असे खिन्न स्वरात म्हणावे. स्वर महत्त्वाचा आहे. तो साधायला काही वर्षे समितीवर काढावी लागतात.

मुलांच्या बाबतीत गोष्ट सोपी आहे. त्यांना दप्तरे वाटावीत. दप्तरात काय असेल, शाळेत शिक्षक आहेत का, घरी अभ्यासाला जागा आहे का, हे त्या दप्तराच्या आकारमानाबाहेरचे प्रश्न होत. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील यिप्सिलँटी येथे 1962 पासून काही वर्षे 123 गरीब मुलांचा एक अभ्यास झाला. त्यांतील निम्म्याच्या आसपास मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशीही बोलत असे. पुढे चाळिशीत पोहोचलेल्या या माणसांची गाठ घेतली, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांची कमाई आणि नोकरीतले प्रमाण न गेलेल्यांपेक्षा चांगले आढळले. निकाल उत्तम, परंतु त्यासाठी चाळीस वर्षे थांबावे लागते आणि आपल्या कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची असते. त्यापेक्षा मुलांकडून भेटकार्डे रंगवून घ्यावीत, ती देणगीदारांना विकावीत आणि त्याला बालउद्योजकता म्हणावे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने मुलांना आर्थिक शोषणापासून संरक्षण दिले आहे खरे, पण रंग आपण पुरवले असल्यामुळे तो मुद्दा उपस्थित होऊ नये.

मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडल्याच्या दिवशी सगळी मदत एकदम बंद करावी, टप्प्याटप्प्याने नव्हे. पगार किंचित वाढला आणि त्यापायी शिष्यवृत्ती, औषधे व घरभाड्याची मदत एकाच महिन्यात गेली, असे एका बाईच्या बाबतीत घडले की उरलेल्या सगळ्या जणी वाढीव पगार आपण होऊनच नाकारतात. मग त्यांच्या महत्त्वाकांक्षेच्या अभावावर एक परिसंवाद घेता येतो. अहवालात किती जणींना शिकवले, किती यंत्रे वाटली हे आकडे ठळक द्यावेत. वर्षभराने किती जणींची मिळकत वाढली हे मोजायला माणूस नेमावा लागतो, आणि माणसाचा पगार म्हणजे व्यवस्थापन खर्च. तो शून्य असल्याचे आपण पत्रकात छापून बसलेलो असतो.

स्त्रियांना एकमेकींशी फार बोलू देऊ नये, हेही सांगायला हवे. 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी स्त्रियांनी ‘सेवा’ ही कामगार संघटना नोंदवली. या बायकांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध, अशी रास्त हरकत सरकारी खात्याने घेतली होती. तरीही त्या ऐकेनात. दोन वर्षांत सुमारे चार हजार जणींनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. म्हणजे देणगीदारही त्याच, कर्जदारही त्याच आणि मालकही त्याच. यात आपल्यासारख्यांना हार घालून घेण्यासाठी कोणती जागा उरली, हे वाचकांनीच सांगावे.

शेवटचा प्रसंग क्वचितच उद्भवतो, पण तयारी असावी. आपल्याच संस्थेतून पूर्वी मदत घेतलेली एखादी बाई, आता बऱ्यापैकी कमावती झालेली, एके दिवशी कार्यालयात येते, देणगी देऊ करते आणि पावती घेतल्यावर मागच्या पाच वर्षांचे हिशेब पाहायला मागते. घाबरू नये. खुर्ची द्यावी, जिद्दीचे कौतुक करावे आणि येत्या वार्षिक समारंभाची प्रमुख पाहुणी म्हणून तिला तिथल्या तिथे निमंत्रण द्यावे. पाहुण्यांना नारळ मिळतो, शाल मिळते, पाच मिनिटांचे भाषणही मिळते. हिशेबाची वही मात्र सभासदांनाच दाखवायची असते, आणि सभासदत्वाचे अर्ज सध्या संपलेले असतात.