ट्रॅकवरचा एक दिवस आणि ब्रेकची झीज : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतल्या गाडीमालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर गेले काही आठवडे एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : रेस ट्रॅकवर एक दिवस गाडी चालवली, की ब्रेकची रस्त्यावरच्या २० हजार किलोमीटरइतकी झीज होते, उष्णतेने डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) वाकते, स्टीअरिंग थरथरू लागते आणि मग डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नसते, हे टाळायचे असेल तर भोकांच्या डिस्क आणि रेसिंगचे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे घर्षणाचे तुकडे) कायमचे बसवून घ्यावेत, ब्रेक ऑइल (पॅडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव) मात्र बंद नळ्यांत असल्यामुळे त्याला हात लावण्याची गरज नाही. मी मुलुंडला राहतो आणि गेली सहा वर्षे, वर्षातून एकदा तरी, माझी साधी हॅचबॅक घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो. संदेशातली पहिली तीन विधाने खिशाला चाट लावणारी आहेत. चौथे जिवावर बेतू शकते.

मुळात किलोमीटर हे ब्रेकच्या झिजेचे माप नव्हे. समृद्धी महामार्गाने नागपूरला जाऊन येणारी गाडी आणि रोज दादर ते अंधेरी सिग्नलला थांबत जाणारी गाडी यांचे मीटर सारखे अंतर दाखवत असले, तरी त्यांचे पॅड सारखे झिजलेले नसतात, कारण ब्रेकचे काम अंतर कापणे नसून गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करणे हे आहे. १,२०० किलो वजनाची गाडी शहरात ताशी ५० किलोमीटरवरून पूर्ण थांबते तेव्हा ब्रेकमध्ये सुमारे १ लाख १६ हजार ज्यूल उष्णता जाते. तीच गाडी ट्रॅकवर वळणाआधी १५० वरून ६० वर येते तेव्हा सुमारे ८ लाख ७५ हजार ज्यूल, म्हणजे साडेसात पट. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्क उचलतात असे धरले आणि एका डिस्कचे वजन सहा किलो मानले, तर शहरातल्या एका थांब्याने डिस्क जेमतेम १३ ते १४ अंशांनी तापते, तर ट्रॅकवरच्या एकाच ब्रेकिंगने सुमारे १०० अंशांनी. पुढचे वळण काही सेकंदांवर असते, त्यामुळे आधीची उष्णता हवेत जाण्यापूर्वीच नवी भर पडते.

हे मुंबईकरांना घाटाच्या उदाहरणाने चटकन कळेल. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते; इंजिनची मदत न घेता सगळा उतार केवळ ब्रेकवर उतरला, तर या गाडीच्या ब्रेकना जवळपास ६५ लाख ज्यूल पचवावे लागतील. म्हणजे अख्खा घाट हा ट्रॅकवरच्या साडेसात ब्रेकिंगइतका झाला. घाटात ही उष्णता पंधरा-वीस मिनिटांत विभागली जाते, ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत. साध्या पॅडमधली घटक द्रव्ये धरून ठेवणारी रेझिन ठरावीक तापमानापलीकडे जळू लागते आणि तिथून पुढे झीज सरळ रेषेत वाढत नाही, ती झपाट्याने वाढते. म्हणूनच जड एसयूव्ही, कंपनीचे साधे पॅड आणि विश्रांती न देता घेतलेल्या फेऱ्या एकत्र आल्या तर पॅड खरोखर एका दिवसात संपू शकतात. हलकी गाडी आणि योग्य पॅड असतील तर तेच पॅड अनेक दिवस पुरतात. एकच आकडा सगळ्या गाड्यांना चिकटवणे हीच या विधानातली चूक आहे. जायच्या आधी आणि आल्यावर पॅडची जाडी मोजून लिहून ठेवावी. माझा नियम असा, की निम्म्याहून कमी उरलेले पॅड घेऊन ट्रॅकवर जायचे नाही, कारण तापलेली डिस्क आणि कॅलिपरचा पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर रेटणारा दट्ट्या) यांच्यामध्ये उष्णता अडवणारी वस्तू पॅडच असते; तो पातळ झाला, की उष्णता थेट ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

आता डिस्क वाकण्याविषयी. दुसऱ्या वर्षी चेन्नईहून परतताना कोल्हापूर सोडल्यावर ताशी ८० च्या पुढे ब्रेक लावला, की स्टीअरिंग थरथरू लागले. मुंबईत एका गॅरेजमध्ये दाखवले, तर चाक न काढताच ‘डिस्क बेंड झाली, दोन्ही बदला’ असे उत्तर मिळाले. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक काढले, डिस्क पुसली आणि कडेपासून सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मायक्रोमीटर (जाडी बारकाईने मोजणारे साधन) लावला. सात ठिकाणी माप जवळजवळ एकच आले. आठव्या ठिकाणी डिस्क दोन शतांश मिलिमीटरने जाड भरली. उजेड तिरपा पाडून पाहिले, तर नेमक्या त्याच जागी पॅडच्या आकाराचा करडा डाग होता. वाकलेली वस्तू जाड होत नाही. तिथे पॅडचा माल चिकटला होता, आणि तो कसा चिकटला हेही मला आठवले : शेवटच्या फेरीनंतर पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत) येऊन मी तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून धरून उभा राहिलो होतो.

ब्रेक लावताना पॅडचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो, आणि घर्षणाचा मोठा भाग या थरामुळेच मिळतो. तो सगळीकडे सारखा असेल तर ब्रेक गुळगुळीत लागतो. एखाद्या जागी जास्त माल बसला तर डिस्कच्या प्रत्येक फेऱ्यात पॅड त्या जागी ढकलला जातो, आणि शतांश मिलिमीटरभर फरकही चालकाच्या हाताला जाणवतो. त्या जागी उष्णता अधिक साचते, तापमान फारच वाढले तर ओतीव लोखंडात सिमेंटाइट नावाचा कठीण घटक तयार होतो आणि मग तो ठिपका बाकीच्या डिस्कपेक्षा कमी झिजून वर्षभर त्रास देत राहतो. डाग ताजा असताना बारीक पॉलिश पेपरने घासून डिस्कवर पॅडचा थर पुन्हा सगळीकडे सारखा बसवला, तर बहुतेक वेळा थरथर जाते. माझी गेली आणि त्याच डिस्क पुढे दोन वर्षे चालल्या. सिमेंटाइट एकदा खोलवर तयार झाले, की लेथवर मारूनही ठिपका परत डोके वर काढतो, तेव्हा मात्र डिस्क बदलणेच बरे.

म्हणून शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता थंडपणे घ्यावी, गाडी थांबवल्यावर ब्रेकवर पाय ठेवू नये, हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. ट्रॅकचे तोंडही न पाहिलेल्या गाड्या मुंबईत थरथरतात, हेही इथे नोंदवायला हवे. पावसाळ्यात महिनाभर जागेवर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर पॅडखाली गंजाचा ठसा उमटतो आणि परिणाम नेमका तसाच होतो. रात्रभर पावसात राहिल्यामुळे येणारा नारिंगी गंज वेगळा. तो पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो.

डिस्क कधी बदलायची याचे उत्तर डिस्कवरच असते : किमान जाडीचा आकडा बहुतेक वेळा तिच्या मधल्या भागावर किंवा कडेवर कोरलेला असतो. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेघा ट्रॅकवर स्वाभाविक आहेत, पण एखादी रेघ बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल तर जाडी कितीही उरलेली असो, ती डिस्क त्याच दिवशी काढावी.

भोकांच्या डिस्कचा सल्ला यामुळेच उलटा आहे. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत, त्यांना वाट मिळावी म्हणून भोके पाडण्याची पद्धत आली. आजच्या पॅडना त्याची गरज फारशी उरलेली नाही, आणि भोकांमुळे उष्णता साठवणारे लोखंड तेवढे कमी होते. शिवाय ट्रॅकवरच्या सततच्या तापण्या-थंड होण्याने तडे पहिल्यांदा भोकांच्या कडांपासूनच सुटतात. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात चकचकीत भोकांच्या डिस्क मोहात पाडतात. साध्या, भरीव पृष्ठभागाच्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क घ्याव्यात. रेसिंगचे पॅड कायम ठेवण्याबाबतही तेच. ते तापल्यावर काम करण्यासाठी बनवलेले असतात. सकाळी थंड गाडी काढून पहिल्याच सिग्नलला ते कमी पकड देतात, कर्कश आवाज करतात आणि थंड असताना डिस्कच खरवडून खातात. ट्रॅकसाठी वेगळा संच ठेवावा आणि परत आल्यावर साधे पॅड चढवावेत. काम अर्ध्या तासाचे आहे.

राहिले ब्रेक ऑइल. नळ्या बंद असतात हे खरे, पण ग्लायकॉलवर आधारित ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि तो रबरी नळ्यांमधून व टाकीच्या झाकणातून हळूहळू आत शिरतो. मुंबईच्या दमट हवेत तर त्याला आमंत्रणच असते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर तो १५५ पर्यंत उतरला तरी ते मानकात बसते. कॅलिपरमध्ये ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पॅडल कसलाही विरोध न करता खाली जाते. पॅड जास्त तापून पकड सोडतात तेव्हा पॅडल टणक राहते आणि गाडी कमी थांबते, म्हणजे सावध व्हायला क्षणभर मिळतो. ऑइल उकळल्यावर तो क्षणही मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीचे ऑइल बदलताना ब्लीडरला (कॅलिपरवरच्या ऑइल बाहेर काढण्याच्या स्क्रूला) लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी चहासारखे तपकिरी ऑइल आले आणि बऱ्याच वेळाने फिकट पिवळे. तेव्हापासून ट्रॅकवर जाण्याच्या आठवड्यात चारही चाकांचे ऑइल नवे भरतो, सीलबंद डबा उघडून, आणि उरलेले पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही, कारण उघडलेला डबा फडताळावर राहिला तर तोही तोच ओलावा पीत बसतो.