दोन्ही हात मोकळे

एकट्याने प्रवास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कड्यावर पाठमोरी बसलेली, वाऱ्यावर केस सोडलेली बाई येते. तो फोटो काढला कोणी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मी सांगते. फोन दगडाला टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि कड्याच्या दिशेने धावत सुटायचं. आपण पोचून चेहऱ्यावर चिंतन आणेपर्यंत फोन उताणा पडलेला असतो. माझ्याकडे आभाळाचे अप्रतिम फोटो आहेत.

त्यातून खिसा हलका असला तर एकटेपणाचा वेगळा कर बसतो. सहलींच्या जाहिरातीत मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘प्रति व्यक्ती, दोघांनी खोली वाटून घेतल्यास’. वाटून घ्यायला कोणी नसेल तर वरचे पैसे भरायचे. त्याला ‘सिंगल सप्लिमेंट’ असं टॉनिकसारखं नाव आहे. म्हणजे जो नवरा मी केलाच नाही, त्याच्या उशीचं भाडं मी भरायचं. निदान त्याने बॅग तरी उचलावी.

म्हणून मी हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत राहते. या सोयीबद्दल रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांचे आभार मानायला हवेत. १९०९ साली ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले, वादळात सापडले आणि सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. मुलं झोपली, मास्तर जागे राहिले आणि जागरणात त्यांना कल्पना सुचली, की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे फिरत्या मुलांची सोय का करू नये? १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल निघालं. थोडक्यात, डॉर्ममध्ये झोप न लागण्याची परंपरा थेट संस्थापकांपासूनची आहे. मी ती निष्ठेने चालवते.

मला नेहमी वरची खाट मिळते. तिची शिडी गोल नळीची असते आणि अनवाणी तळव्यात ती अशी रुतते की पूर्वजन्मीची पापं आठवतात. खालच्या खाटेवर सॉकेट असतो, वरच्या खाटेवर पंखा. पंखा इतका जवळ, की रात्री उठून बसण्याआधी विचार करावा लागतो. आणि एक घोरणारा असतोच. तो कधीही आपल्याआधी झोपतो, हा निसर्गनियम आहे.

अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप का लागत नाही, याचा शोध अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नव्या ठिकाणी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची एक बाजू, डावी, अर्धवट जागी राहून आवाज टिपत असते. हे वाचून मला भरून आलं. आई फोनवर दरवेळी विचारते, “सोबत कोणी आहे का गं?” आता मी छातीठोकपणे सांगते, “आहे. डावा मेंदू आहे. रात्रभर जागा असतो बिचारा.” आई म्हणते, “मग उजव्याने काय घोडं मारलंय? त्यालाही जागं ठेव.”

अशाच एका जागरणात मी वही काढली. कृतज्ञतेची वही लिहिल्याने माणूस सुखी होतो, असं हल्ली जो तो सांगतो. बोलणं अगदीच हवेतलं नाही. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात एका गटाने दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी. आभारवाले आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. मीही पान दुमडून दोन रकाने पाडले, डावीकडे कटकटी, उजवीकडे आभार, आणि अडकले, कारण स्वस्तातल्या प्रवासात दोन्ही रकान्यांत एकच मजकूर येतो.

‘घोरणं’ कटकटीत लिहिलं आणि तेवढ्यात ते थांबलं. थांबलेलं घोरणं हे इतकं निर्भेळ सुख आहे की ते उजव्या रकान्यात न लिहिणं पाप झालं असतं. लिहून होतंय तोवर गडी पुन्हा सुरू. ‘मोजे ओले’ डावीकडे, ‘मोजे जवळजवळ वाळले’ उजवीकडे. या ‘जवळजवळ’मध्ये काय आनंद आहे तो मोज्यांची दुसरी जोडी बाळगणाऱ्यांना कळायचा नाही. ‘पहाटे पोचले, खोली दुपारी मिळणार’ ही कटकट. आणि काउंटरवरच्या मुलीने माझ्या अवताराकडे बघून, “आंघोळ करून घ्या हवं तर, टॉवेल देते,” म्हटलं, तेव्हा मला तिचे पाय धरावेसे वाटले. घरी मी रोज टॉवेल वापरते. एकदाही गहिवरून आलेलं नाही.

त्यामुळे कृतज्ञ लोक मुळात थोर असतात, यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यांचं बजेट तपासा. रिकाम्या सॉकेटला मनोमन नमस्कार करायला फोनची बॅटरी चार टक्क्यांवर यावी लागते.

विमानतळावर तर मी साक्षात संत असते. स्वस्त तिकिटावर बऱ्याचदा सात किलोच सामान जवळ ठेवता येतं. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते म्हणून पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाही, मग तिचंही वजन त्या सातांत. अशा वेळी मी दोन पँटी, तीन शर्ट आणि जाकीट अंगावर चढवते, खिशांत चार्जर आणि साबण कोंबते आणि हात शरीराला न टेकवता काउंटरशी उभी राहते. बॅग काट्यावर ठेवतात, मला ठेवत नाहीत. विमान कंपन्यांच्या दयाळूपणाचा याहून मोठा पुरावा मला नको.

पण एकटीच्या प्रवासातलं खरं दिव्य स्वच्छतागृहाचं. बॅग बाहेर सोडावी तर वरून घोषणा चालूच असते, बेवारस वस्तूला हात लावू नका. आत न्यावी तर एका माणसाच्या जागेत दोघं. पुढे बॅग, मागे बॅग, दार काही लागत नाही. त्यात दाराच्या हुकाच्या जागी नुसती दोन भोकं. मग बॅग गळ्यात.

परवा बसस्थानकावर शेजारच्या बाकावरची, माझ्यासारखीच लादलेली एक मुलगी म्हणाली, “ताई, जरा बॅगेकडे बघता का? आलेच.” मी त्या बॅगेकडे इतकं रोखून पाहिलं की माझी सोडून तिचीच राखली. ती परत आली आणि म्हणाली, “जा आता तुम्ही.”

मी गेले. दोन्ही हात हलवत गेले. दार पहिल्या झटक्यात लागलं. मग कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, केस सोडून नीट विंचरले, आरशात स्वतःला दोन्ही बाजूंनी पाहिलं, पुन्हा एकदा हात धुतले. बाहेरून ती ओरडली, “ताई, माझी बस लागली!” नाहीतर मी अजून आतच असते.