बारा ते सोळाचं रिकामं कपाट

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला आणि २९ जूनला तो मागे घेतला. मधल्या काळातला सगळा वाद सहा वर्षांच्या मुलाभोवती फिरला. इथे न्यू जर्सीत बसून तो वाचताना सारखं वाटत होतं की मराठी खरी सुटते ती तेराव्या वर्षी. इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळांत धाकट्यांचे वर्ग भरलेले असतात आणि सातवी-आठवीपर्यंत विरळ होत जातात. त्या वयात मुलांना ‘मी नेमका कुठला?’ हा प्रश्न छळत असतो आणि आपण त्यांच्यापुढे ससा-कासवाचा धडा ठेवतो.

पुस्तकात स्वतःसारखं कुणी न सापडण्याचा हा प्रश्न अमेरिकेने आधी मोजून पाहिला. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ साली आलेली पुस्तकं तपासली. सुमारे अडीच हजारांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८. पुढे १९९० मध्ये बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी मांडलं की मुलाला पुस्तकात स्वतःला पाहायला आरसाही हवा आणि दुसऱ्यांचं जग पाहायला खिडकीही. आज इथल्या वाचनालयांत किशोरांसाठी बहुसांस्कृतिक पुस्तकांचे वेगळे कप्पे दिसतात, ते अशा कामामुळे.

पण त्या कप्प्यांतलं सगळंच चांगलं नाही. भारतीय मुलांच्या कित्येक गोष्टी डब्यातल्या भाजीच्या वासापाशी सुरू होतात आणि आजीच्या मिठीत संपतात. निवडताना एकच कसोटी लावावी: मुख्य पात्र स्वतः काही ठरवतं का, आणि त्याची किंमत मोजतं का? वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’ या इंग्रजी कादंबरीतली बारा वर्षांची निशा फाळणीत मीरपूर खास सोडून निघते. वडील हिंदू, वारलेली आई मुसलमान. ‘आपण कुणाचे?’ हा तिचा प्रश्न लेखिका सोपा करत नाही. ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ या चित्रकादंबरीत चिनी माणसाचं मुद्दाम ओंगळ केलेलं व्यंगचित्र आहे. तीन कथा शेवटी एकत्र येतात तेव्हाच त्याचा अर्थ लागतो, म्हणून मुलांना त्यातली सुटी पानं कधीही देऊ नयेत.

आता आपल्याकडे पाहा. प्रकाश नारायण संतांचा लंपन बेळगावकडच्या कानडी-मराठी सरमिसळीत वाढतो, आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे. दोन भाषांच्या मधे राहणाऱ्या मुलासाठी लंपनच्या ‘वनवास’हून जवळचं पुस्तक मला माहीत नाही. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’मध्ये कैकाडी बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरणारा मुलगा शाळेत जातो आणि दोन्हीकडे परका ठरतो. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये तर नावापुढे कुणाचं नाव लावायचं इथूनच लढाई आहे. ओळख आणि वाढणं याविषयी मराठीत याहून थेट काय लिहिलं गेलंय? तरीही ही पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात ‘आत्मचरित्र’ म्हणून बंद असतात. गावातल्या भटक्या किंवा दलित मुलाला आरसा मिळत नाही आणि पुण्यातल्या किंवा इथल्या एडिसनमधल्या मुलाला खिडकी मिळत नाही.

वयाचा अंदाज असा: लंपन बारापासून, ‘उपरा’ चौदापासून, ‘कोल्हाट्याचं पोर’ सोळाच्या पुढे, कारण त्यातलं शोषण पचवायला तेवढी समज लागते. इंग्रजी पुस्तकांवर छापलेल्या, वाचनपातळी सांगणाऱ्या लेक्साइल आकड्यावर विसंबू नये. तो वाक्यांची लांबी आणि शब्दांची वारंवारता मोजतो, आशयाचं वजन मोजत नाही. त्यामुळे छोट्या वाक्यांत लिहिलेलं फाळणीचं पुस्तकही सोपं ठरतं.

वाचनगट सहा ते आठ मुलांचा ठेवावा. आठवड्याला ४० पानं, एका पुस्तकाला पाच-सहा बैठका. पालकांना पुस्तक दोन आठवडे आधी द्यावं, शिव्या किंवा हिंसा असलेली पानं सांगून ठेवावीत आणि बैठकीत मात्र त्यांना बसवू नये. ते समोर असले की मुलं ‘बरोबर’ उत्तरं देऊ लागतात. ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न विचारला की गट त्याच दिवशी मेला.

बाहेर वाढलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची समज आठवीची असते, पण देवनागरी वाचनाचा वेग दुसरीचा. जोडाक्षरांशी अडखळत चौथ्या ओळीला तो दमतो आणि आपण समजतो की त्याला मराठीची आवड नाही. उपाय साधा आहे: जिथे इंग्रजी अनुवाद मिळतो तिथे घरी तो वाचू द्यावा आणि बैठकीत मूळ मराठीची दोनच पानं मोठ्याने वाचावीत, मोठ्या माणसाने आधी, मुलांनी मागून. लंपनचे कानडी शब्द अडले तर लगेच अर्थ सांगू नये. ओघात ते कळतात, आणि अर्थ स्वतःचा स्वतःला लागला की पुढचं पान उलटलं जातं.

इथल्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तक सुचवण्याचा अर्ज असतो. मराठी पुस्तकं तिथे बहुतेकदा अडतात, कारण त्यांची इंग्रजी परीक्षणं नसतात, पुरवठादार माहीत नसतो आणि लिपी वाचून नोंद करणारं कुणी नसतं. म्हणून अर्जासोबत रोमन लिपीतलं शीर्षक, आयएसबीएन, विक्रेत्याचा पत्ता आणि पाच ओळींचा इंग्रजी सारांश द्यावा. एका वेळी पाचच पुस्तकं सुचवावीत.

महाराष्ट्रात तर १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अ ते ड वर्गांची अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत. तिथे बालविभाग असतो आणि त्यानंतर थेट कादंबऱ्या. त्या दोहोंच्या मधे एक फळी मोकळी करायला शासन निर्णय लागत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याच्या जुन्या अंकांपासून सुरुवात करता येईल. शेजारी लंपन ठेवावा, आणि त्याच्या शेजारी ‘उपरा’.