कॉडच्या कानातला खडा आणि ‘ज्योतिष’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली ‘एक जागरूक वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेख नॉर्वेजवळच्या समुद्रातल्या कॉड माशाबद्दल होता. त्याच्या कानातल्या खड्याच्या थरांमधल्या ऑक्सिजनवरून मासा कोणत्या वर्षी किती थंड पाण्यात होता हे काढता येतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर या वाचकांचं म्हणणं: “पाण्याची क्षारता बदलली की हे सगळं गणित कोसळतं. खड्यावरून तापमान सांगणं म्हणजे शुद्ध ज्योतिष आहे.” पुढे त्यांनी खड्यात सापडणाऱ्या स्ट्रॉन्शियम या धातूबद्दल, मासे मारण्याबद्दल आणि चित्राखाली मोजपट्टी नसल्याबद्दल लिहिलं आहे. शेवटचं वाक्य असं: “एसीत बसून समुद्र कळत नाही, मॅडम.”

चित्राखाली मोजपट्टी हवी होती, हे मान्य. आजच घातली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘ज्योतिष’. क्षारतेचा आक्षेप कुणी घेतला म्हणून मला राग आलेला नाही. हा आक्षेप या विषयाइतकाच जुना आहे आणि तो घेतलाच पाहिजे. पण आक्षेप घेणं वेगळं आणि शिक्का मारून मोकळं होणं वेगळं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या किनाऱ्यावर पुरातत्त्व उत्खननात सापडलेल्या माशांच्या खड्यांवरून सुमारे ६००० वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान काढणारा एक शोधनिबंध २००२ साली ‘सायन्स’मध्ये आला. मासा आपल्या शिंगाळ्याच्याच कुळातला. २००३ साली त्याच नियतकालिकात बेआरेझ, डेव्ह्रीज आणि ऑर्टलीब या तिघांनी त्यावर आक्षेप छापला आणि मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिलं. दोन्हीकडच्यांनी आपापली नावं खाली लिहून वाद घातला. मतभेद असाही मांडता येतो.

तुम्ही लिहिता की क्षारता बदलली की गणित कोसळतं. कुठे बदलली? किती बदलली? हे दोन प्रश्न तुम्ही स्वतःला विचारले असते तर ते वाक्य तुमच्या हातून लिहिलं गेलं नसतं.

खडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बहुतेक माशांत अ‍ॅरागोनाइटच्या रूपातलं. त्यातला ऑक्सिजन मुख्यतः मासा ज्या पाण्यात राहतो त्या पाण्यातूनच येतो. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे असतात, हजारात दोन १८ वजनाचे. पाणी थंड असेल तर जड ऑक्सिजन स्फटिकात थोडा जास्त जातो. पाणी तापत जातं तसा हा फरक कमी होत जातो. रसायनशास्त्रज्ञ हेरॉल्ड युरी यांनी १९४७ साली कार्बोनेटचा असा उपयोग होऊ शकेल हे दाखवलं. नॉर्वेत होई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉडची पिल्लं ठरावीक तापमानांच्या पाण्यात वाढवली, त्यांचे खडे तपासले आणि २००४ साली त्याचं समीकरण छापलं. पाणी एका अंशाने तापलं की खड्यातला जड ऑक्सिजन साधारण ०.२ प्रतिसहस्राने घटतो. हा नियम टाकीत, मोजलेल्या पाण्यात, तापमापक बुडवून तपासलेला आहे. कुंडली मांडून नव्हे.

या समीकरणात त्या पाण्यातल्या जड ऑक्सिजनचा आकडाही लागतो, आणि तो क्षारतेबरोबर हलतो. बरोबर. आता ज्या पाण्याबद्दल मी लिहिलं होतं ते पाहा. नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात अटलांटिकचं जे पाणी शिरतं त्याची क्षारता ३५च्या आसपास (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार) असते आणि वर्षभरात ती दशांशांनीच हलते. तिकडे क्षारतेच्या एका एककामागे पाण्यातला ऑक्सिजनचा आकडा साधारण अर्ध्या प्रतिसहस्राने बदलतो. म्हणजे क्षारता ०.१ ने हलली तर तापमानाच्या हिशेबात चूक जेमतेम पाव अंशाची. मोजणाऱ्या यंत्राची चूकच अर्ध्या अंशाच्या घरात असते. कोसळलं काय?

खाडीत गोष्ट वेगळी. जुलैत खाडीत नदीचं गोडं पाणी भरतं, त्यात जड ऑक्सिजन कमी असतो, आणि त्या पाण्यातल्या बोयटाचा खडा नुसत्या समीकरणात टाकला तर पाणी खऱ्यापेक्षा कित्येक अंशांनी गरम दिसेल. म्हणूनच खाडीतल्या माशासाठी कुणी शहाणा माणूस एवढ्यावर थांबत नाही. पण मी खाडीतल्या माशाबद्दल लिहिलंच नव्हतं. तुम्ही खाडीतली अडचण उचलून बॅरेंट्स समुद्रावर नेऊन ठेवलीत.

आणि खाडी मला शिकवू नका. माझं माहेर दाभोळचं. वडिलांची होडी होती, आई बाजारात मासे विकायला बसायची. वाशिष्ठीला पूर आला की खाडीचं पाणी लाल होतं आणि जाळ्यात येणारे मासे बदलतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. ढोम्याच्या डोक्यातले पांढरे खडे आम्ही मुलं ताटाच्या कडेला जमवायचो. पुढे नॉर्वेत प्रयोगशाळेत हेच खडे माझ्या हाताखाली आले. रेझिनमध्ये बसवायचे, हिऱ्याच्या पातीच्या करवतीने मधोमध कापायचे, काप घासून इतका पातळ करायचा की सूक्ष्मदर्शकाखाली उजळ आणि काळपट पट्टे एकाआड एक उभे राहतात. मग केसाएवढ्या टोकाच्या ड्रिलने एकेका पट्ट्यातली भुकटी कोरून काढायची. हात एकदा हलला की ड्रिल शेजारच्या वर्षात घुसतं आणि तो नमुना गेला. ती भुकटी फॉस्फरिक आम्लात विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड यंत्रात जातो आणि तेव्हा कुठे एक आकडा हाती येतो. ती खोली एसी होती, हे खरं. यंत्राला एसी लागतो.

तुम्ही ज्याला गणितातला दोष म्हणता, त्याचाच काही ठिकाणी पुरावा होतो. भूमध्य समुद्राचं पाणी मेक्सिकोच्या आखातापेक्षा खारट, त्यामुळे त्यातला जड ऑक्सिजनही जास्त. रूकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अटलांटिकमधल्या ब्लूफिन टूनाच्या खड्याचा अगदी आतला, पहिल्या वर्षाचा भाग तपासला आणि कोणता मासा कोणत्या बाजूला जन्मला ते वेगळं करून दाखवलं. मोठा टूना अटलांटिक ओलांडून पार पलीकडे पकडला गेला तरी त्याच्या बालपणीचं पाणी खड्यात तसंच राहतं, कारण खडा हाडासारखा विरघळून पुन्हा बनत नाही. मासा उपाशी राहिला तरी जुना थर जसाच्या तसा असतो.

पाण्याचा आकडा माहीत नसतानाही तापमान काढायची एक वाट आहे. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन कार्बोनेटमध्ये एकमेकांना किती वेळा चिकटलेले आहेत हे मोजायचं. ते तापमानावर ठरतं, पाणी कोणतं होतं यावर नाही. माशांच्या खड्यांसाठी याचं मापन २००७ साली प्रसिद्ध झालं. पहिलं नाव प्रसेनजित घोष यांचं, जे पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. याला भुकटी बरीच जास्त लागते, म्हणून एकेका पट्ट्याचं वाचन त्याने होत नाही. पण क्षारतेपुढे सगळे हात टेकून बसले आहेत, हे तुमचं चित्र खोटं आहे.

स्ट्रॉन्शियम: काही जातींत तापमानाबरोबर वाढतं, काहींत घटतं. लेखात एका ओळीत लिहिलंच होतं आणि म्हणूनच त्यावर मी काही बेतलं नव्हतं. मासे मारण्याबद्दल: खडे बाजारासाठी आणि पाहणीसाठी आधीच पकडलेल्या माशांचे असतात, आणि संस्थांच्या कपाटांत दशकानुदशकं जपून ठेवलेले असतात. यापलीकडे या दोन मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. क्षारतेचा मुद्दा पुढे न्यायचा असेल तर कोणता मासा, कोणत्या महिन्यातला, कोणत्या पाण्यातला हे लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. ‘एसीत बसून’ अशा वाक्याला मात्र पुन्हा उत्तर देणार नाही.